लख्ख पुसलेल्या बारा बाटल्या

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगून ठेवलंय, की आजी 'लॉजिस्टिक्स'मध्ये होती. आईच्या नोकरीवर मुलाने किती नाजूक हाताने पांघरूण घालावं, त्याचा हा नमुना. तारा, ईशान, खरी गोष्ट अशी, की तुमच्या आजीने अकरा वर्षं दारूच्या बाटल्या सांभाळल्या. वसईजवळ कामणच्या गोदामात, दोन कुलुपांच्या आत. त्या अकरा वर्षांत तिने एक घोट घेतला, तोही शेवटच्या दिवशी, चहाच्या ग्लासातून. त्या घोटाची ही हकीकत.

गेल्या महिन्यात ताराने फोनवर विचारलं, "आजी, तू वाइन प्यायलीस का गं कधी?" आणि मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, "काहीतरीच काय विचारतेस तिला!" मी तेव्हा हसून विषय बदलला. पण या दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी मागितल्यावर म्हटलं, उत्तर लिहूनच द्यावं. बाबांना मोठ्याने वाचायला लावा. त्यांना यातला निम्मा भाग माहीत नाही.

आधी धंदा समजून घ्या. परदेशातून दारू आली की सरकार तिच्यावर ड्युटी घेतं, आणि ती चांगली जड असते. ज्याला ती लगेच भरायची नसेल त्याने माल आमच्यासारख्या गोदामात ठेवायचा. म्हणजे माल कामणला आलेला असतो, पण कायद्याच्या दृष्टीने अजून भारतात आलेलाच नसतो. दाराला दोन कुलुपं, एक कस्टमचं आणि एक आमचं. दोन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय दार उघडत नाही. आमच्या किल्लीची मालकीण मी. आगाशीच्या माळकरी घरातली सून, विलायती दारूची राखणदार! सासूबाई वाडीतल्या बायकांना सांगायच्या, "ती औषधांच्या गोदामात आहे." लॉजिस्टिक्सची परंपरा आपल्या घरात जुनी आहे.

गोदामात बहुतेक व्हिस्की. तिला काही लागत नाही, ती कोपऱ्यात पडून राहते. लाड असतात ते वाइनचे. तिच्यासाठी मागच्या बाजूला थंड खोली होती, तेरा डिग्रीची आणि अंधारी. वाइनची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. उभी ठेवली तर बूच सुकतं, आकसतं, हवा आत शिरते आणि वाइनचा शिरका होतो. शास्त्र एवढंच. बाकी जे काही आहे ते सगळं ग्राहकांच्या डोक्यात.

त्या डोक्यांचे नमुने मी पाहिले. विरारचा एक बिल्डर आला होता. त्याला सँपल फ्लॅटच्या काचेच्या कपाटात ठेवायला वीस बाटल्या हव्या होत्या, सोफ्याच्या रंगाला जुळणाऱ्या. मी त्याला बाटल्यांची यादी दिली. त्याने ती उलटसुलट करून विचारलं, "मॅडम, रिकाम्या नाहीत का? जरा स्वस्तात?" अकरा वर्षांत भेटलेला तो सर्वांत शहाणा ग्राहक, हे मला फार उशिरा समजलं.

माझं हत्यार म्हणजे वही. लांब, हिरव्या कापडी बांधणीची, प्रत्येक पानाखाली कार्बन. मी ज्याला जे काम सांगेन ते तारीख, वेळ आणि सहीसकट त्या वहीत. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली शिस्त होती ती. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, 'वहीत नाही ते घडलं नाही.' ड्रायव्हरांना, हमालांना, मॅनेजरना, आणि घरी दुधाच्या रतिबावरून तुमच्या बाबांनासुद्धा मी ते ऐकवत असे. एकदा एक ड्रायव्हर छातीठोकपणे सांगत होता, की त्याने बारा खोकी उतरवली. वहीत अकरा होती. त्याला काढलं. मी त्या दिवशी डबा चवीने खाल्ला. तो ड्रायव्हर खोटं बोलत होता का, याची मला आज खात्री नाही.

थंड खोली बघायचा बारकू. खाडीकाठच्या मिठागरांच्या गावातला, पन्नाशी ओलांडलेला, बापाबरोबर लहानपणी मीठ ओढलेला. वैशाखात अख्खं कामण घामाने निथळत असताना अंगात स्वेटर आणि डोक्याला माकडटोपी घालून फिरणारा तो एकटाच माणूस. सही करण्यापुरती अक्षरं यायची, वाचता येत नसे. त्यामुळे वहीतली सूचना मी त्याला वाचून दाखवायची आणि मग त्याने सही करायची. माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान होता, पण मला 'बाय' म्हणायचा, आणि मी त्याला नुसतं बारकू. तेव्हा ते मला खटकत नसे.

आता आमचे थोर ग्राहक, जयंतराव. रसायनांच्या कारखान्यावर श्रीमंत झालेले, आणि श्रीमंतीला साजेसा छंद शोधत शोधत वाइनवर येऊन थांबलेले. त्यांच्या बारा बाटल्या आमच्याकडे होत्या. द्राक्षाची जात मर्लो. फ्रान्समधल्या कुठल्याशा टेकडीवर आपल्या केळीच्या वाडीएवढा एक मळा, एक म्हातारा आणि त्याची मुलगी दोघंच तो करतात, वर्षाला मोजक्याच बाटल्या काढतात आणि प्रत्येक बाटलीच्या लेबलावर हाताने नंबर घालतात. म्हाताऱ्याचं पुढे बरं नव्हतं म्हणे, त्यामुळे जयंतरावांच्या बाटल्यांचा भाव वर चालला होता. त्या म्हाताऱ्याची प्रकृती ते ज्या आनंदाने सांगायचे, तसा आनंद मी फक्त शेअरबाजारवाल्यांच्या तोंडावर पाहिलाय.

"बाई, यातली एक मी नातवाच्या लग्नात उघडणार," ते एकदा म्हणाले.

"केवढा आहे नातू?"

"अहो, अजून मुलाचंच लग्न व्हायचंय."

आपल्या आगाशीत तुमच्या पणजी सुकेळी करायच्या. ठरावीक जातीचीच केळी घ्यायची, सोलून उन्हात सुकवायची, रोज उलटायची, केळीच्या खोडाच्या सालीत, म्हणजे सोपटात, बांधायची. दोन-तीन घरांतच ती हातोटी उरली होती. पण सुकेळीच्या पुडीवर कोणी नंबर घातला नाही, म्हणून ती बाजारात घासाघीस करून विकली गेली. मळा लहान असून भागत नाही, कौतुक करणारा कारखानदार लागतो.

दोन-तीन महिन्यांनी जयंतराव पाहुणे घेऊन दर्शनाला यायचे. दर्शनच ते. खोलीत शिरताना आवाज खाली, घड्याळ खिशात. हे बघून बारकू पहिल्याच खेपेला दाराशी चपला काढून उभा राहिला. त्याचं बघून पाहुण्यांनी बूट काढले. पुढे ती रीतच पडली. मुंबईचे मोठमोठे लोक तेरा डिग्रीच्या फरशीवर मोज्यांनी उभे राहून बारा मळक्या बाटल्यांकडे बघत. बाहेर आल्यावर बारकूने मला विचारलं होतं, "बाय, प्याची नाय त आनली कशाला?" मी त्याला दटावलं. 

मग ते लोडशेडिंगचे उन्हाळे आले. वसईत दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. एका मे महिन्यात आमचा जनरेटरही बसला. थंड खोलीचा काटा चोविसावर गेला आणि मॅनेजर कर्णिक साहेबांचा त्याच्याही वर. तेव्हा बारकू म्हणाला, "बंदरावरून बरफ आनू?" मासळीच्या होड्यांना बर्फ पुरवणाऱ्या कारखान्यातून लाद्या आल्या, गोणपाटात गुंडाळून खोलीत रचल्या, आणि चार दिवस आम्ही वाइन बोंबलासारखी ताजी ठेवली. वाइन वाचली. खोलीला मात्र बंदराचा वास लागला. पुढच्या दर्शनाला जयंतरावांनी डोळे मिटून तो वास घेतला आणि पाहुण्यांना म्हणाले, "या मळ्याची मातीच अशी आहे. समुद्र जवळ आहे ना!" बारकू माझ्याकडे बघत होता. मी छताकडे बघत होते.

पण त्या बर्फाचं पाणी आणि दमट हवा लेबलांना बाधली. त्यांच्यावर काळपट बुरा आला, कडा सुटायला लागल्या. हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या तर नाहीच, कारण मी खोलीत फारशी जात नसे. मला सर्दी होते.

आता दसरा. आपल्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा. शेतकरी नांगर पुजतो, गवंडी थापी पुजतो. आमच्या गोदामात वजनकाटा, हातगाड्या, फोर्कलिफ्ट आणि दोन्ही कुलुपं पुजली जायची. कस्टमचे इन्स्पेक्टरही त्यांच्या कुलपाला कुंकू लावून पेढा घेऊन जायचे. आदल्या दिवशी गोदाम धुऊन पुसून काढायचं हा माझा उत्सव. त्या वर्षी मी वहीत लिहिलं, 'थंड खोली : सर्व बाटल्या स्वच्छ पुसणे.' बारकूला वाचून दाखवलं आणि वर म्हणाले, "आरशासारख्या दिसल्या पाहिजेत. जयंतराव सोमवारी येणार आहेत, कोणा मोठ्या माणसाला घेऊन."

सकाळी सव्वादहाला माझ्या टेबलावरचा इंटरकॉम वाजला. मी पूजेच्या सामानाची यादी करत होते.

"बाय, मर्लोवाल्यांचा कागूद सुटतंय. बुरा धरलाय त्याला. काडू का ठेवू?"

मी यादीवरून मान वर केली नाही. म्हणाले, "कुजलं असेल ते काढ. ठेवून काय करणार? आपण नवीन लावू."

पाच मिनिटांत नवीन छापले. आमच्याकडे तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि मला काहीही छापायला निमित्त पुरायचं. पांढरी शुभ्र चौकोनी स्टिकरं. 'मर्लो, रॅक ३, क्र. १' ते 'क्र. १२.' समासही सारखे. बारकूने ती एका रेषेत चिकटवली. संध्याकाळी मी दारातून डोकावले. बारा बाटल्या लख्ख, गळ्यात झेंडूचा एकेक छोटा हार, कुंकवाचं बोट, शेजारी आपट्याची पानं. इतकी सुंदर थंड खोली मी कधी पाहिली नव्हती. बारकूला म्हणाले, "शाब्बास." हे वहीत लिहिलं नाही. शाबासकीची नोंद ठेवायची पद्धत नव्हती.

सोमवारी जयंतराव आले. बरोबर लंडनला बाटल्यांचे भाव करायला शिकून आलेले एक तरुण तज्ज्ञ. त्यांच्याकडे पांढरे हातमोजे, भिंग आणि बारीक टॉर्च. जयंतरावांना तीन बाटल्या विकायच्या होत्या आणि हे गृहस्थ त्या पारखणार होते. कर्णिक साहेब, मी, बारकू, सगळे चपला काढून आत गेलो. टॉर्च लागला.

तो क्र. १ पासून क्र. १२ पर्यंत फिरला आणि परत मागे आला. मला वाटलं, कौतुकाला शब्द सापडत नाहीयेत.

"हे काय आहे?" जयंतराव म्हणाले.

"मर्लो," मी म्हणाले. "अनुक्रमांक एक ते बारा."

तज्ज्ञांनी एक बाटली उचलली. पांढऱ्या हातमोज्याला कुंकू लागलं. "लेबलं कुठे आहेत?"

"कचऱ्यात," बारकू म्हणाला. "मागं जाळला कचरा."

जयंतराव भिंतीला टेकले. तज्ज्ञांनी बाटली जागेवर ठेवली आणि हातमोजे काढायला लागले. डॉक्टरने चादर वर ओढावी तसे. "सर," ते म्हणाले, "तुमच्याकडे आता लाल वाइनच्या बारा बाटल्या आहेत."

"अहो, आत तीच आहे!"

"तुम्हाला माहीत आहे. घेणाऱ्याला कसं कळणार?"

"बुचावर मळ्याचं नाव असतं."

"असतं ना. पण ते बघायचं तर बूच काढावं लागेल, आणि बूच काढलेली बाटली कोण घेणार?"

मी पुढे सरसावले. "माझ्या वहीत आवक नोंद आहे. मळ्याचं नाव, साल, हाताने घातलेले नंबर, सगळं."

तज्ज्ञ माझ्याशी फार सभ्यपणे बोलले. "बाई, तुमच्या वहीवर लंडनमध्ये कोणी वाइन विकत घेत नाही."

बाटल्यांतलं काही सांडलं नव्हतं, आंबलं नव्हतं, थेंबभर बदललं नव्हतं. आदल्या शुक्रवारपर्यंत ज्यांच्यापुढे लोक बूट काढत होते त्या सोमवारी कोणाच्याच नव्हत्या. एवढी मोठी दौलत बारा कुजक्या कागदांवर उभी होती, आणि तो कागद जपायला हवा हे मात्र कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं.

"कोणी केलं हे?" कर्णिक साहेब ओरडले.

बारकू हातात फडकं घेऊन उभाच होता. उत्तराची कोणाला गरज पडली नाही. "उद्यापासून येऊ नकोस. चौकशी होईल, मग बघू." बारकूने थंड खोलीच्या किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. इंटरकॉमवर उत्तराची वाट बघावी तसं.

मी गप्प राहिले.

का, तेही सांगते, कारण त्यात तुमचा वाटा आहे. तुमच्या बाबांना तुम्ही आता राहता त्या देशातल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता आणि व्हिसाच्या कागदांत माझ्या नोकरीचा दाखला लागणार होता. हे कारण खरं आहे. पण त्या क्षणी मला ते आठवलंसुद्धा नव्हतं. ते घरी गेल्यावर सापडलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं, की चूक करणारी माणसं वेगळी असतात, आणि मी त्यांच्यातली नाही.

दुपारी कर्णिक साहेबांनी वही मागवली. सूचना वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला. "'स्वच्छ पुसणे.' लेबल काढा असं कुठे आहे? बाई, सुटलात तुम्ही!"

रात्री मी तुमच्या आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "ते इंटरकॉमवरचं वहीत आहे का?"

"नाही."

"मग प्रश्न कुठे आहे? वहीत नाही ते घडलं नाही."

ते चिडवत होते की धीर देत होते, मला आजही ठरवता येत नाही. आणि आता विचारायला ते नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन निघालेली कंपनीची जीप बारकूच्या गावाच्या फाट्यावरून गेली. ड्रायव्हरने वेग कमी करून विचारलं, "मॅडम, थांबायचंय?" अख्ख्या गोदामाला कळलं होतं तर. मी म्हणाले, "उशीर होतोय." उशीर होत नव्हता.

चौकशी कोजागिरीच्या आदल्या दिवशी झाली. ऑफिसच्या टेबलाभोवती कर्णिक साहेब, जयंतराव, विमा कंपनीचे एक गृहस्थ आणि मी. टेबलाच्या मधोमध वही. बारकू उभा. माकडटोपीशिवाय त्याला पहिल्यांदाच नीट पाहिलं. केस पार पांढरे होते.

विमेवाल्यांनी विचारलं, "लेबलं काढायला तुला कोणी सांगितलं?"

बारकू माझ्याकडे बघेल म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. त्याने वहीकडे पाहिलं. "वहीत काय लिवलाय?"

"वहीत बाटल्या पुसायला लिहिलंय."

"आनि कागूद काडाचा?"

"ते नाही लिहिलेलं. म्हणजे तू तुझ्या मनाने काढलीस?"

तो म्हणाला, "वहीत नाय, मंग झालाच नसंल. तसाच लिवा."

माझं वाक्य होतं ते. अकरा वर्षं मी त्याच्या कानीकपाळी ओरडत होते, आणि त्याने ते पाठ केलं होतं.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "इंटरकॉमवरून. सकाळी सव्वादहा वाजता."

बघा, कबुली देतानासुद्धा वेळ सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

"बाई, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय," कर्णिक साहेब घाईघाईने म्हणाले.

"माझा गोंधळ होत नाही, हे तुम्हीच दर वर्षी रिपोर्टात लिहिता."

जयंतराव खुर्चीतून अर्धे उठले. "तुम्ही? शिकलेल्या बाई तुम्ही! तुम्हाला त्याची किंमत कळली नाही?"

"कळली असती तर इतकी स्वच्छ पुसून घेतली नसती."

यापुढचं थोडक्यात. विमेवाल्यांनी हात झटकले, गोदामाने माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मी दिवाळीआधी स्वखुशीने निवृत्त व्हावं असं ठरलं. स्वखुशीचा अर्ज मीच टाइप केला. त्यात एकही चूक नव्हती. बारकूला परत घेतलं. बाबांच्या कागदांत माझ्याऐवजी आजोबांचा दाखला गेला आणि बाबा तिकडे शिकायला गेले. तेव्हा, मुलांनो, तुमचं काही नुकसान झालं नाही. माझी ढाल मात्र किती पोकळ होती ते कळलं.

माझ्या शेवटच्या दिवशी जयंतराव बाटल्या न्यायला आले. विकता येत नव्हत्या, तेव्हा प्यायला हव्या होत्या. दुसरा उपायच उरला नव्हता त्यांना. ड्युटी भरून बाटल्या कायदेशीरपणे भारतात आल्या, आणि त्यांनी माझ्या टेबलावरच क्र. ७ उघडली. बूच निघालं. त्यावर मळ्याचं नाव, साल आणि नखाएवढा द्राक्षांचा घोस. जयंतराव त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. इतकी वर्षं ते दर्शनाला येत होते, पण त्यांना खरं दर्शन झालं ते त्या दिवशी. मग त्यांनी चहाचे ग्लास मागवले.

"घ्या बाई. तुमच्या हातचं लेबल आहे."

टोमणा होता. मी त्याच्यासकट एक घोट घेतला.

चांगली होती. पहिल्यांदा पिकल्या जांभळासारखी तुरट, आणि मागून केळीचं सोपट सोलताना येतो तसा ओला, गार वास. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण अकरा वर्षं तिची टिंगल केल्यावर ते सांगणं अवघड होतं. त्या टेकडीवरच्या म्हाताऱ्याने आणि त्याच्या मुलीने जे केलं होतं ते मन लावून केलं होतं. बाकीचं आम्ही केलं.

बारकूने एका दमात ग्लास संपवला आणि तोंड पुसलं. "आमच्याकडं सकालची ताडी सकालीच पितात. हिला एवरी वाट कशाला बघाला लावली?" जयंतराव हसले. ते हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. मग ते उरलेल्या अकरा बाटल्या घेऊन गेले, गाडीत उभ्या ठेवून.

दुपारी मी चार्ज देण्याआधी वही उघडली. मागच्या तारखेची नोंद मी जन्मात केली नव्हती, ती केली. 'दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सव्वादहा वाजता मी इंटरकॉमवरून बारकू यास मर्लोची लेबले काढण्यास सांगितले. त्याप्रमाणे त्याने ती काढली. जबाबदारी माझी.' खाली सही. अक्षर नेहमीपेक्षा सुबक आलं होतं. खरं सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. बारकूला सहीसाठी बोलावलं आणि पेन पुढे केलं.

त्याने पेन घेतलं, पण टेकवलं नाही. "वाचा," म्हणाला. अकरा वर्षांत हे त्याने पहिल्यांदाच सांगितलं. एरवी मी आपण होऊन वाचायची आणि तो मान डोलवायचा.

मी वाचलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "अर्धाच लिवलाय."

"काय राहिलं?"

"मी इचारला होता. काडू का ठेवू, असा मी इचारला होता तुमाला. ता नाय लिवला."

मी पुन्हा वाचलं, या वेळी मनात. खरंच नव्हतं. चूक माझी, हुकूम माझा, जबाबदारी माझी, आणि कबुलीचा मोठेपणाही माझाच. त्या गोदामात एका माणसाला शंका आली होती, आणि त्याला मी माझ्या कबुलीतही फक्त फडकं मारणारा हात करून ठेवलं होतं.

मी सहीच्या खाली ओळ घातली. 'काढण्यापूर्वी बारकू यांनी विचारले होते, काढू की ठेवू.'

"आता वाचा."

वाचलं. त्याने वही स्वतःकडे ओढली, सावकाश एकेक अक्षर काढत सही केली, पेनाला टोपण लावून मला परत दिलं, आणि डोक्यावर माकडटोपी चढवून थंड खोलीकडे गेला.